ताठर बोल्टची रायफल

१

चिंचमाळच्या आण्णासाहेब बिराजदारांना त्यांच्याच रायफलीची गोळी लागली, ही खबर ठाण्यात आली तेव्हा फौजदार हर्षाली सगर वर्तमानपत्रातल्या एका फोटोकडं बघत बसली होती. फोटो अर्पिताचा होता. दोघी एकाच बॅचच्या, अकादमीत खाटेला खाट लागून झोपलेल्या. आता अर्पिता जिल्ह्याच्या खास तपास पथकात होती आणि पकडलेल्या टोळीशेजारी उभी राहून कॅमेऱ्याकडं बघत होती. हर्षालीच्या वाट्याला लोहारा तालुक्यातली बांधाची भांडणं आणि चोरीला गेलेल्या मोटारी आल्या होत्या. पाण्याच्या मोटारी.

"मॅडम, माणूस गेला," हवालदार सोमलिंग फोन ठेवत म्हणाला. "बोल्ट ठोकताना बार उडाला म्हणतेत."

पेपर घडी घालून तिनं ड्रॉवरमध्ये कोंबला आणि जीप काढायला सांगितली.

आण्णासाहेबांना तालुक्यात कोण ओळखत नव्हतं? ज्वारी हुरड्यात आली आणि रानडुकरांचा कळप उतरला, की वनखात्याची परवानगी हातात घेऊन शेतकरी त्यांच्याच दारात यायचे. त्यांची रायफल जुनी, आणि तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायला मागंपुढं करायची ती लोखंडी दांडी, भलताच ताठर. भल्याभल्यांनी ओढून बघितला आणि हात झटकत बाजूला झाले. आण्णासाहेब दस्ता जमिनीवर टेकवायचे, नळी छातीशी धरायचे आणि तळहातानं बोल्टच्या मुठीवर दणादण ठोकायचे. मगच तो उघडायचा. "ही दुसऱ्याचं ऐकत न्हाय," असं म्हणताना म्हाताऱ्याच्या मिशीत हसू फुटायचं.

शेतातल्या कोठ्यात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोलीत, खाटेच्या पायाशी ते पडले होते. गोळी छातीत, अगदी जवळून लागलेली. रायफल भिंतीला टेकवून ठेवली होती.

"म्याच उचलली," दारात उकिडवा बसलेला योगीराज म्हणाला. "अंगावर पडली व्हती त्यांच्या. बघवंना मला."

योगीराज हा आण्णासाहेबांचा चेला. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या मागं रायफल खांद्यावर घेऊन रानोरान फिरलेला. आता कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. रडून रडून डोळे सुजले होते.

"काय ऐकलंस?" हर्षालीनं विचारलं.

"कडब्याची पेंढी घेऊन येत व्हतो. कोठ्यात ठोकायचा आवाज चालू व्हता. नेहमीचाच. ठक, ठक, ठक. म्या मनात म्हणलं, आज बोल्ट लईच अडलाय. आणि मंग बार झाला."

"किती वेळ ठोकत होते?"

"लई येळ. पार दम लागंस्तोवर."

हर्षाली प्रेताजवळ वाकली. म्हाताऱ्याचे हात मोठे, रापलेले. उजव्या अंगठ्याच्या नखात आणि बोटांच्या घड्यांत करडं-काळं काहीतरी बसलं होतं. बंदुकीच्या दारूचा धूर असेल, असं तिला वाटलं. तिनं बोट फिरवलं. धूर पुसला जातो. हे पुसलं गेलं नाही; बोटाला बारीक रेतीसारखं कचकचलं.

२

ठाण्यात रायफल आणली. ठसे घेऊन झाले. त्यावर योगीराजचे ठसे मिळणारच होते, त्यानं उचललीच होती. चापावरचे पुसट होते.

"आता रिकामी आहे का बघा," हर्षाली म्हणाली.

सोमलिंगनं हातमोजे चढवले. चिंचमाळची रायफल म्हणून त्यानं पाय फाकवून पवित्रा घेतला, दात आवळले आणि मूठ उचलून बोल्ट ओढला.

बोल्ट असा सरकला, की सोमलिंग दोन पावलं मागं जाऊन फायलींच्या कपाटावर आदळला. रिकामी पुंगळी टणकन उडून फरशीवर फिरत राहिली.



"मॅडम, ही ती रायफल न्हाय."

पण नंबर तोच होता. हर्षालीनं बोल्ट हातात घेतला. पुढं सारला, मागं ओढला. लोण्यात सुरी फिरावी तसा. दिव्याखाली धरल्यावर दिसलं, सगळ्या दांडीवर जुना काळपटपणा तसाच होता. पण जिथं जिथं लोखंड लोखंडाला घासतं, तेवढ्याच पट्ट्या आरशासारख्या चकाकत होत्या. कुणीतरी हा बोल्ट घासून घासून मऊ केला होता.

आणि योगीराज सांगत होता, की दम लागंस्तोवर ठोकाठोक चालली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिंचमाळला पोचली तेव्हा अंगणात पांढरी गाडी आधीच उभी होती. आण्णासाहेबांचं नाव मोठं, म्हणून वरून पथक आलं होतं. ओट्यावर अर्पिता खुर्ची टाकून बसलेली. केस तसेच घट्ट बांधलेले, गणवेशाला तीच कडक इस्त्री. हर्षालीनं नकळत स्वतःची चुरगळलेली बाही सरळ केली.

"अगं, ये ना," अर्पिता म्हणाली. "सोमलिंगकडून बोल्टचं कळलं. छान पकडलंत. बाहेर कुणाला सांगू नका म्हटलंय मी. पुढचं आम्ही बघतो."

'आम्ही बघतो.' हर्षाली तशीच माजघरात गेली.

कडूबाई, आण्णासाहेबांची थोरली बहीण, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या लवकर विधवा होऊन भावाकडंच राहिलेल्या.

"आत्याबाई, तुम्ही आवाज ऐकलात?"

"बार ऐकला. दुसरं काय ऐकू येतंय मला, बाई? कानात नुसता वारा." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि आवाज उतरवला. "पर एक सांगते. या घरात समदे एकमेकाच्या ताटात बघत जेवत्यात. योगीराजला वाटतंय, रणधीरला बाप मिळाला. रणधीरला वाटतंय, बापाला योगीराज मिळाला. आन् आता दोघंबी सुनंवर दात धरून."

रणधीर, आण्णासाहेबांचा एकुलता मुलगा, गोठ्यापाशी ट्रॅक्टरला रेलून उभा होता. घटनेच्या वेळी तो लोहाऱ्यात गॅरेजमध्ये होता. गॅरेजवाल्यानं तसं सांगितलं होतं. धिप्पाड गडी, पण डाव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं. नेम धरणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"मला काय इचारता? माझ्या बायकोला इचारा," तो फिस्कारला. "योगीराज द्राक्षाच्या कामाला तामलवाडीला गेला, तवापासून दुपार झाली की दोघं कोठ्यात. सासरा आन् सून! दार ओढून घ्यायचे. म्या गेलो की गप. गावात लोक हासू लागलेत मला. बापानं मला आयुष्यभर डिझेल आणायला धाडलं, आन् बंदूक शिकवली ती माझ्या बायकोला!"

"कोठ्यात काय करायचे?"

"मला काय ठावं? माझ्या हत्याराच्या पेटीतला पेस्टचा डबा मातर गेला. व्हॉल्व घासायची पेस्ट. तो काल सापडला, तिच्या ट्रंकेत. त्या मॅडमला दिलाय म्या काढून."

हर्षालीनं मान वळवली. ओट्यावरून अर्पिता उठली होती. तिच्या पुढ्यात राजेश्वरी, रणधीरची बायको, डोक्यावर पदर घेऊन खाली बघत उभी होती.

"गाडीत बसा," अर्पिता तिला म्हणाली.

४

"सरळ आहे," लोहाऱ्याच्या ठाण्यात अर्पिता हर्षालीला सांगत होती. "हिनं गुपचूप बोल्ट घासला. म्हाताऱ्याला पत्ता नाही. तो नेहमीसारखा जोर लावून ठोकायला गेला, बोल्ट भसकन सरकला, हात सटकला, चाप ओढला गेला. आयता अपघात. योगीराजनं ठोकाठोक ऐकलीच आहे. आणि बाई तोंड उघडत नाही."

"तू तिला काय विचारलंस?"

"बोल्ट का बिघडवला, म्हणून."

"मला दहा मिनिटं दे तिच्याशी."

अर्पितानं तिच्याकडं रोखून बघितलं. "हर्षा, स्पष्ट बोलू? अकादमीपासून तुला माझं काही चांगलं बघवत नाही. मला ते कळत होतं. पण या बाईला त्यात ओढू नकोस."

 खोटं काहीच नव्हतं त्यात. सकाळपासून ती हेच स्वतःला विचारत होती: मला राजेश्वरी निर्दोष वाटते, की अर्पिता चुकावी असं वाटतं?

"नाही बघवत," ती म्हणाली. "आजही नाही. पण आण्णासाहेबांची नखं काळी होती, ती काही माझ्या जळण्यानं झाली नाहीत. त्या डब्यातली पेस्ट आणि नखातलं कचकच एकच आहे का, एवढं बघ. मग बोल."

अर्पितानं टेबलावरचा पेस्टचा डबा उचलून बघितला. मग तिनं स्वतःच आतल्या खोलीचं दार उघडलं.

हर्षाली राजेश्वरीसमोर बसली. बोल्ट बिघडवण्याचं नावही तिनं काढलं नाही. म्हणाली, "ताई, बोल्ट फार सुरेख केलाय. कुठं घासायचं ते कसं कळलं तुम्हाला?"

राजेश्वरीनं पहिल्यांदा वर बघितलं. 

"काजळी धरायची," ती हळूच म्हणाली. "चिमणीवर. बोल्ट काळा करायचा आन् आत घालून एकदा वढायचा. जिथली काजळी पुसली, तिथंच अडतंय. तेवढंच घासायचं, बाकीच्याला हात लावायचा न्हाय. आन् म्होरं जिथं बोल्ट कुलपावानी अडकतोय, तिथं तर पेस्टचं बोटबी न्यायचं न्हाय. त्यावरच बाराचा समदा जोर असतोय. आण्णांनी शिकवलं. थोडं ते घासायचे, थोडं म्या. मंग राकेलनं धुवायचं, पुन्हा काजळी."

"मग दार का ओढून घ्यायचे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणाला सांगायचं न्हाय म्हणून शपत घातली व्हती. आण्णांच्या मनगटातलं बळ गेलं व्हतं, मॅडम. ठोकूनबी बोल्ट उघडत नव्हता. एकदा डुक्कर समोर आन् बोल्ट अडला. लोकांदेखत खाली मान घालून आले. घरात कुणाला बोलले न्हाईत. मला दिसलं, कारण भाकरी मोडाय बी त्यांना जमंना. रायफल उचलून न्यायचं काम बी म्याच करायचे, योगीराज भावजी नव्हते म्हणून. बार मातर आण्णांचाच. लायसन त्यांचं."

"योगीराजला का सांगायचं नाही?"

"त्यांनाच तर कळू द्यायचं नव्हतं! आण्णा म्हणायचे, तो परत यायच्या आत बोल्ट मऊ करू. तो म्हणू दे, बंदूक मऊ पडली. म्हातारा मऊ पडला, असं त्यानं म्हणाया नको. लेकासमोर म्हातारं व्हता येतं, चेल्यासमोर न्हाय व्हता येत."

भिंतीला टेकलेली अर्पिता सरळ झाली.

"त्या दिवशी रायफल भरलेली होती?" हर्षालीनं विचारलं.

"व्हय. डुकरं ज्वारीत शिरली व्हती. आण्णांनी माझ्यादेखत काडतूस सारलं, एका बोटानं. हासले. सेफ्टी लावून खाटंवर ठिवली. म्या विहिरीवर गेले. मंग बारच ऐकला."

५

"म्हणजे," ओसरीत आल्यावर अर्पिता म्हणाली, "बोल्ट मऊ झालाय हे म्हाताऱ्याला माहीत होतं."

"त्यानंच केला होता. मग तो ठोकेल कशाला? आणि दम लागंस्तोवर? हा बोल्ट बोटानं उघडतो. ठोकाठोक झालीच नाही. ज्यानं ती ऐकली, तो खोटं बोलतोय. आणि खोटं बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर जुनी रायफल होती. बोल्ट बदललाय हे त्याला आजही माहीत नाही."

"पण रायफल चालवली असती तर त्याला कळलं असतं."

"भरलेली होती ना. सेफ्टी सरकवली, चाप ओढला. बोल्टला हात लावायची वेळच आली नाही. रिकामी पुंगळी आतच होती, सोमलिंगनं काढेपर्यंत."

अर्पितानं मोबाइल काढला, परत खिशात घातला. "पुरावा नाही हा. वकील म्हणेल, ठोकण्याचा आवाज दुसऱ्या कशाचा असेल."

"म्हणून त्यालाच ठोकायला लावू."

उन्हं कलायच्या आत सगळे कोठ्यात जमले. पंच, रणधीर, कडूबाई, आणि खाटेजवळ योगीराज. रायफल पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रतज्ज्ञानं तपासून, रिकामी असल्याची खात्री करून दिली होती.

"योगीराज," हर्षाली मऊ आवाजात म्हणाली, "आण्णासाहेबांची पद्धत तुझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. ते कसे बसायचे, कसे ठोकायचे, एकदा दाखव. पंचनाम्यात लिहायचंय."

"तुज्याशिवाय कुणाला येतंय ते?" कडूबाई कळवळून म्हणाल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

योगीराजच्या चेहऱ्यावर, एवढ्या दुःखातही, अभिमान उमटला. त्यानं रायफल घेतली. खाटेच्या काठावर बरोबर आण्णासाहेबांसारखा बसला, दस्ता दोन पायांत टेकवला, नळी छातीशी धरली. "असं," तो म्हणाला. "आन् तळहात असा. सगळा जोर खांद्यातून." त्यानं हात उगारला आणि आयुष्यभर बघितलेला तो ठोसा जसाच्या तसा हाणला.

मूठ फिरली, बोल्ट सुळकन खाली आला आणि योगीराजचा हात अडवायला काहीच उरलं नाही. बोटं दस्त्यावर आपटून सोलली, तोल जाऊन तो गुडघ्यांवर आला. रायफल सोमलिंगनं झेलली.

 योगीराज रक्ताळलेल्या बोटांकडं न बघता त्या उघड्या बोल्टकडं बघत होता.

"हे कुणी केलं?" त्याच्या तोंडून निघालं.

"तुला माहीत नव्हतं," हर्षाली म्हणाली. "आण्णासाहेबांना माहीत होतं. हा बोल्ट त्यांनी मरायच्या आधीच मऊ करून ठेवला होता. मग तू ठक ठक ऐकलीस ती कुणाची, योगीराज?"

 रणधीर पुढं धावला, तसं अर्पितानं त्याला छातीवर हात ठेवून अडवलं.

 मग योगीराज जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"तामलवाडीहून आलो. एस्टीतून उतरून सरळ रानात आलो, त्यांना द्राक्षं घेऊन. तर बांधावरून वैनी चाललेली, खांद्यावर रायफल. आन् मागून आण्णा. ती जागा माझी व्हती, मॅडम. कुणी पाव्हणा आला तरी ती जागा म्या दिली न्हाय कुणाला. लगीन ठरंना माझं, तरी म्या गाव सोडलं न्हाय, का? आण्णांच्या मागं कोण चालंल म्हणून. आन् म्या जरा पाठ फिरवली तर..." त्यानं बोटांवरचं रक्त गुडघ्याला पुसलं. "दुसऱ्या दिवशी कोठ्यात गेलो. इचारलं, माझं काय चुकलं? तर हासले. म्हणले, बस खाली. तुला एक गंमत दाखवतो. आन् रायफलीला हात घातला. मला वाटलं, आता सांगणार, बंदूक सुनंच्या नावावर करतोय. माझ्या तोंडावर, हासत हासत. म्या त्यांच्या आधी उचलली. मंग काय झालं ते..."

तो थांबला. कडूबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या.

"गंमत काय होती, ते विचारलं नाहीस," हर्षाली म्हणाली.

"न्हाय."

"हीच होती. हा बोल्ट. मनगटातलं बळ गेलं होतं त्यांचं. तुझ्यासमोर म्हातारं दिसायचं नव्हतं, म्हणून तू नसताना घासून घेतला. राजेश्वरीला शपथ घातली होती, की मनगटाचं कुणालाच सांगायचं नाही."

हर्षालीला वाटलं, आता हा माणूस कोसळेल, डोकं आपटून घेईल. तिनं सोमलिंगला खूण केली. पण योगीराज तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. त्यानं सोललेला हात पुढं केला आणि बोल्टच्या चकाकत्या पट्टीवरून एक बोट फिरवलं, अगदी सावकाश. त्याच्या कपाळावर आठी चढली. दुःखाची नव्हती ती. ती आठी हर्षाली चांगली ओळखत होती. आरशात बघितलेली होती.

"वैनीनं घासलं हे?" त्यानं विचारलं.

"दोघांनी."

"मला बोलवायचं व्हतं," योगीराज म्हणाला. आवाज भरून आला, तो इथंच. "तामलवाडीहून म्या पायी आलो असतो. म्या घासून दिलं असतं, मॅडम. हिच्यापेक्षा चांगलं घासलं असतं म्या."

 अर्पितानं बेड्या काढून हर्षालीच्या हातात दिल्या आणि ती स्वतः राजेश्वरीला ठाण्यातून घरी आणायला निघाली.